चिंता कमी करायचीय? मग आधी पैशाकडे बघा : मत्तयाचा ६वा अध्याय घरात कसा वापरायचा

चिंतेवर बायबल काय म्हणतं असं कोणी विचारलं की आपल्याकडे लगेच मत्तयाचा ६वा अध्याय निघतो, आकाशातली पाखरं बघा, रानातली भूकमळं बघा, उद्याची चिंता करू नका, आणि मग ते वचन फुलांच्या फोटोवर टाकून सकाळी सकाळी सगळ्या ग्रुपवर फिरतं. वाचणाऱ्याला दोन मिनिटं बरं वाटतं, मग बँकेचा मेसेज येतो की हप्त्यासाठी खात्यात बॅलन्स ठेवा, आणि पाखरं उडून जातात.

माझं म्हणणं असं आहे की आपण तो उतारा मधूनच वाचायला घेतो. पाखरं येतात २६व्या वचनात. त्याच्या आधी १९पासून २४पर्यंत येशू कशाबद्दल बोलतोय ते जरा वाचा, सगळं पैशाबद्दल आहे. पृथ्वीवर धन साठवू नका, तिथे कसर लागते, चोर घर फोडतात, जिथे तुमचं धन तिथे तुमचं मन, देव आणि धन दोघांची चाकरी एकदम जमत नाही. आणि हे बोलून झाल्या झाल्या तो म्हणतो की म्हणूनच तुम्हाला सांगतो, चिंता करू नका. म्हणजे चिंता हा त्याच्या दृष्टीने वेगळा चॅप्टर नाहीच, ज्याची चाकरी करता त्याचीच काळजी रात्री उशाशी येऊन बसते.

लूकच्या १२व्या अध्यायात तर अजून आपल्या घरातलं वाटावं असं आहे. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वतनाची वाटणी करून दे. सातबाराचंच भांडण की हे! येशू त्याला उडवून लावतो, मला कोणी तुमचा वाटणी करणारा नेमलं म्हणून, आणि मग त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो ज्याचं पीक एवढं आलं की त्याने जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा प्लॅन केला आणि त्याच रात्री गेला. या गोष्टीनंतर मग तिथे पाखरं येतात, लूकमध्ये ते कावळे आहेत. दोन्ही ठिकाणी क्रम तोच, आधी हाव, मग चिंता. त्यामुळे खाली जे लिहिलंय तेही त्याच क्रमाने करायचंय, नुसतं पाखरांपासून सुरू केलं तर फार दिवस टिकत नाही असं माझं मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. देवाला हजार द्या, दहा हजार परत येतील, असं जो कोणी स्टेजवरून सांगतो त्याच्यापासून लांब राहा. ते विश्वासाच्या नावाखाली हावच शिकवतात, फक्त वर हालेलुया लावून. येशूचा प्रेषित पौल, त्याने ‘कशाचीही चिंता करू नका’ हे कुठल्या बंगल्यात बसून नाही लिहिलेलं, बेड्यांत असताना लिहिलंय.

आधी वही घ्या

‘आर्थिक टेन्शन आहे’ ही चिंता नाही, हे नुसतं धुकं आहे, आणि धुक्यासाठी नेमकी प्रार्थना करता येत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात ४थ्या अध्यायाच्या ६व्या वचनात पौल सांगतो की आपली मागणी देवाला कळवा, सगळ्या गोष्टींबद्दल, प्रार्थना आणि विनंती करून आणि वर आभार मानून. मागणी कळवायची तर आधी ती काय आहे हे आपल्याला तरी कळायला हवं ना. म्हणून एक साधी वही, शंभर पानी असली तरी चालेल, मोबाईलवर नको कारण मोबाईल उघडला की तुम्ही वहीपर्यंत पोचतच नाही.

रात्रीचं जेवण झालं, ओटा आवरला, की टेबलावर बसून लिहायचं. ‘मुलीचं शिक्षण’ असं लिहू नका. असं लिहा : मुलीची ११वीची फी, दुसरा हप्ता, २२,००० रुपये, १५ तारखेच्या आत. ‘बाबांची तब्येत’ नाही, तर : बाबांची शुगर, रिपोर्ट गुरुवारी येणार, पुढच्या गोळ्या महिन्याला किती पडतील ते माहीत नाही. आकडा आणि तारीख आली की निम्मी चिंता तिथेच आपल्या मापाची होते, उरलेली निम्मी राहते ती राहू दे.

मग प्रत्येक ओळीसमोर दोनपैकी एक लिहायचं. माझ्या हातात असेल तर या आठवड्यात नेमकं काय करणार आणि कोणाला फोन करणार ते, नावासकट. फीचं असेल तर शाळेच्या ऑफिसात जाऊन दोन टप्पे करून मागणं हे तुमच्या हातात आहे, लाजायचं कशाला. रिपोर्ट काय येणार हे हातात नाही, तिथे फक्त ‘देवाकडे’ एवढं लिहा आणि त्यावर खरंच प्रार्थना करा, मोठ्याने, घरचे बरोबर असतील तर अजून चांगलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे ना, आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका कारण तो तुमची काळजी घेतो, तर टाकण्यासाठी ती आधी वेगळी काढावी लागते.

आता खरा भाग. पेन्सिल घ्या आणि ज्या ओळी गरजेच्या नाहीत, दुसऱ्याचं बघून आल्यात, त्यांच्याभोवती गोल करा. म्हणजे समजा ‘अजून वन बीएचकेमध्येच आहोत’, किंवा ‘साडूने एसयूव्ही घेतली’, किंवा ‘लग्नात हॉल छोटा वाटला तर लोक काय म्हणतील’. या ओळी चिंतेसारख्या दिसतात, झोपही चिंतेसारखीच उडवतात, पण ही चिंता नाही, ही हाव आहे आणि तिला चिंतेचे कपडे घातलेत. तिच्यासाठी ‘देवा हे पूर्ण कर’ अशी प्रार्थना करू नका, ‘देवा हे माझ्यातून काढ’ अशी करा. फरक मोठा आहे. आणि हो, हे काम नवरा-बायकोने आपापल्या ओळींवर करायचं, एकमेकांच्या नाही, नाहीतर प्रार्थना राहील बाजूला आणि रात्री बारापर्यंत भांडण चालेल.

शेवटी आभार, पण मोघम नको. ‘सगळ्या आशीर्वादांसाठी धन्यवाद’ हे आपण चर्चमध्ये म्हणतोच. आज काय मिळालं ते एका ओळीत लिहा, लाईट बिल कमी आलं, पाठ दुखायची थांबली, जुन्या मित्राने स्वतःहून फोन केला. पौल फिलिप्पैकरांस पत्रातच पुढे म्हणतो की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं दोन्ही मी शिकलोय, म्हणजे त्यालाही ते पहिल्या दिवसापासून येत नव्हतं, सरावाने आलं. आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हातून मदत पाठवली ती त्याने आनंदाने घेतली पण, नको नको केलं नाही. समाधानी असणं म्हणजे मदत नाकारणं असं नाहीये हे लक्षात असू द्या.

रात्री दोनला जाग आली तर वही उघडून हिशोब करत बसू नका, त्या वेळेला सगळे आकडे दुप्पट दिसतात. २३वं स्तोत्र पाठ करून ठेवा, बहुतेकांचं संडे स्कूलमध्ये झालेलंच असतं, ते हळूहळू म्हणा, संपलं की परत पहिल्यापासून. एखादी नवीनच गोष्ट आठवली असेल तर एक ओळ लिहून ठेवा आणि उद्या संध्याकाळी बघा.

रोजची भाकर म्हणजे किती?

‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आपण दर रविवारी म्हणतो, आणि मनात मात्र पुढच्या वीस वर्षांची भाकर, तीही फ्लॅट, पार्किंग आणि परदेश ट्रिपसकट मागत असतो. निर्गमच्या १६व्या अध्यायात मान्ना पडतो, म्हणजे रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून आलेलं अन्न, माणशी एक ओमर माप, ज्याने जास्त गोळा केलं त्याच्याकडे उरलं नाही आणि ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. ज्यांनी उद्यासाठी दडवून ठेवलं त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे. पण तोच मान्ना ६व्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलाय, शब्बाथासाठी म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आणि तो मात्र नासला नाही.

म्हणजे साठवणं पाप नाही, प्लीज कोणी हे वाचून एसआयपी बंद करू नका. योसेफाने इजिप्तमध्ये सात सुकाळाच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवला म्हणून तर दुष्काळात लोक जगले. टर्म इन्शुरन्स काढा, मेडिक्लेम काढा, चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, त्यात अविश्वास काही नाही, उलट घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौल फार कडक बोललाय. मग योसेफ बरोबर आणि लूकमधला तो शेतकरी चूक, असं का? त्या शेतकऱ्याचं बोलणं परत वाचा, माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, आणि मग स्वतःच्याच जिवाला म्हणतो खा, पी, मजा कर. त्याच्या सगळ्या प्लॅनमध्ये दुसरा माणूसच नाही, ना बायको ना मजूर ना शेजारी. योसेफाच्या कोठाराच्या दारात मात्र अख्खा देश उभा होता. तुमच्या फायनान्शियल प्लॅनला हीच टेस्ट लावा, त्यात तुमच्या कुटुंबाबाहेरच्या कोणाचं तरी नाव आहे का.

नसेल तर एक जुना मार्ग आहे. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने आपल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डमधल्या एका मेथडिस्ट तरुणाबद्दल सांगितलंय, तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच असं मानतात. त्याला वर्षाला ३० पौंड मिळायचे, तो २८मध्ये भागवायचा आणि २ देऊन टाकायचा. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी २८मध्येच राहिला आणि ३२ दिले. मग ९० झाले, मग १२०, खर्च मात्र २८च, त्या चौथ्या वर्षी त्याने ९२ पौंड देऊन टाकले.

आता मुलंबाळं, महागाई, आईवडिलांची औषधं हे सगळं धरून आपल्याला २८वर अडून राहणं शक्य नाही आणि मी तसं सांगतही नाहीये. पण खर्चाला वरून एक रेघ मारायची ही आयडिया घेण्यासारखी आहे. कधी मारायची? अप्रायझलचं लेटर यायच्या आधी. लेटर आल्यानंतर डोकं चालत नाही, त्या दिवशी संध्याकाळीच नवीन फोन बघायला जातो माणूस. किराणा, दूध, लाईट, गॅस, फी, हप्ता, औषधं, गावाकडे पाठवायचे, महिन्यातून एखादं बाहेर जेवण, याची बेरीज करा, थोडी ढील द्या आणि दोघांनी मिळून ठरवा की पगार वाढला तरी ही रेघ महागाईपुरतीच वर सरकेल. वरचं जे उरेल ते कुठे जाणार तेही आत्ताच लिहा, कर्ज फेडायला किती, साठवायला किती, द्यायला किती. नीतिसूत्रांच्या ३०व्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची छोटीशी प्रार्थना आहे, मला दारिद्र्यही नको आणि श्रीमंतीही नको, लागेल तेवढं अन्न दे, जास्त झालं तर मी तुला विसरेन आणि कमी पडलं तर चोरी करेन. ही रेघ मारताना ती वाचा, इतकी प्रामाणिक प्रार्थना मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

देणं : हा भाग गाळू नका

नुसत्या विचाराने हाव जात नाही, हात मोकळा करावाच लागतो. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देणं, बंधनकारक आहे की नाही यावर आपल्या लोकांनी तासन्‌तास वाद घातलेत, मी त्यात पडत नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं धरा, मनात ठरवलंय तसं द्या, कुरकुरत नको, जबरदस्तीने नको. पण उरेल त्यातून नको. पगार जमा झाला की पहिलं ट्रान्सफर देण्याचं, मग ते पाचशे का असेना, कारण महिनाअखेरीला उरेल ते देऊ असं म्हणणाऱ्याचं काही उरत नाही, हे सगळ्यांनाच माहितीये.

नगरकडच्या मंडळ्यांमध्ये सुगीचा सण कधी पाहिलाय का? उपासना संपली की वेदीसमोर मांडलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू होतो, ज्वारीची कणसं, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी मधेच ओरडत असते, कोणा आजीने आणलेलं लिंबाचं लोणचं. बाजारात तीस रुपयाला मिळणारा भोपळा अकराशेला जातो, आणि ज्याने घेतला तो उठून म्हणतो, परत लिलावाला लावा. मग तोच भोपळा पुन्हा विकला जातो. पैसे मंडळीला जातात हे झालंच, पण मला त्यातलं आवडतं ते हे की ज्याने नांगरट केली, पाणी दिलं, तो माणूस पहिलं आणि चांगलं ते उचलून आणतो आणि डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या हातात जाताना हसत बघतो. शहरात आपल्याकडे भोपळा नाही, पण कपाटात न घातलेले कपडे आहेत, तेव्हा महिन्यातून एक वस्तू अशी द्या जी तुम्हाला अजून आवडते. जुनं, फाटलेलं, बटण तुटलेलं देणं म्हणजे घर आवरणं.

आणि गुपचूप द्या. मत्तयाच्या त्याच ६व्या अध्यायात वर आहे, डाव्या हाताला कळू नये. आपल्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ इतक्या मोठ्या अक्षरात असतं की उपदेश चालू असताना लोक पंखेच वाचत बसतात.

किती द्यायचं याला एक माप नाही. त्या श्रीमंत तरुणाला येशूने सगळं विकायला सांगितलं, जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धं देतो म्हटलं तर त्याला अजून आण म्हणाला नाही, आणि गरीब विधवेच्या दोन टोल्यांचं, म्हणजे अगदी छोट्या नाण्यांचं, कौतुक केलं. दुसऱ्याचं माप स्वतःला लावू नका आणि स्वतःचं दुसऱ्याला तर अजिबात नको. अंगावर क्रेडिट कार्डचं कर्ज असेल तर आधी ते फेडा, उधारीच्या पैशाने दानशूर होण्यात काही अर्थ नाही.

घरात दोघांपैकी एकाचा हात फार मोकळा आणि दुसऱ्याला घर चालवायचं, हा प्रश्न पण जुनाच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, मोठं पाऊल होतं ते, पण त्यांच्या अशा स्वभावासोबत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी संसार कसा ओढला हे मराठी वाचकाला काही सांगायला नको. तुमचा त्याग तुमच्या बायकोच्या किंवा नवऱ्याच्या डोक्यावर पडत असेल तर आधी त्यांना विचारा, दोघं मिळून जो आकडा ठरेल तो, भले छोटा असो.

विश्वास म्हणजे हात जोडून बसणं असाही एक गैरसमज आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, केडगावला त्यांची सोय केली, देव पुरवेल ही त्यांची खात्री होती आणि त्याच खात्रीने त्यांनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छापखाना उभा केला. पाखरंसुद्धा घरट्यात बसून राहत नाहीत, सकाळी उठून दाणे शोधायला जातातच.

रविवारचं

हे थोडक्यात. रविवारी शॉपिंगची ॲप उघडायची नाहीत, शेअरचे भाव बघायचे नाहीत, कुठलीही मोठी खरेदी ठरवायची नाही. कार्टमध्ये पडलेलं सोमवारी पण मिळतं. पहिले काही रविवार हात सारखा खिशात जाईल, जाऊ द्या.

सांगायचं कोणाला

एकट्याने हे सगळं जमत नाही, पण सगळ्यांना सांगायचीही गरज नाही. आपल्याकडे प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत महिला मंडळ, तरुण संघ आणि नाशिकच्या मावशीपर्यंत पोचते, तेही तीन वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये. म्हणून एक किंवा दोन माणसं निवडा, ज्यांना तुमच्या पगाराचा आकडा माहीत झाला तरी तुम्हाला चालेल. पाळक किंवा फादर असतील तर उत्तम, नसतील तर मंडळीतलं एखादं जुनं जाणतं माणूस. महिन्यातून एकदा भेटा, ती वही दाखवा, गोल केलेल्या ओळींसकट. त्यांनी सल्ला द्यायलाच हवा असं नाही, ऐकलं आणि प्रार्थना केली तरी पुरे.

आणि चिंता जर अशी असेल की कारण नसताना छाती धडधडते, हात थरथरतात, आठवडे झाले तरी झोप नाही, कामात लक्ष नाही, जीव नकोसा वाटतो, तर वहीसोबत डॉक्टरही हवा. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला सांगा की एलिया संदेष्टा ‘आता मला मरू दे’ म्हणत झुडपाखाली आडवा झाला होता तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपू दिलं, मग दूत पाठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, मग परत झोपू दिलं आणि परत खायला घातलं. बोलणं त्याच्याही नंतर झालं, चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचल्यावर.